शेजारी राहायला आलेला मुलगा: ‘द घोस्ट नेक्स्ट डोअर’ मुलांच्या हाती देण्याआधी

‘गूजबम्प्स’ या मुलांसाठीच्या इंग्रजी भयकथांच्या मालिकेतली पुस्तकं शाळेच्या ग्रंथालयात ठेवावीत का, असा प्रश्न पालकसभेत दरवर्षी कुणीतरी विचारतंच. “मॅडम, मुलगी रात्री एकटी बाथरूमला जात नाही,” “मॅडम, ह्यापेक्षा थोरामोठ्यांची चरित्रं द्या ना.” नाशिकमधल्या एका सेमी-इंग्रजी शाळेचं ग्रंथालय मी सांभाळते. चरित्रं मी देतेच, आणि ही पुस्तकंही देते. मात्र सगळी ‘गूजबम्प्स’ सारखी नाहीत, आणि सगळ्या मुलांना ती एकाच क्रमाने द्यायचीही नाहीत. भुताची पहिली इंग्रजी गोष्ट म्हणून मी सहावी-सातवीच्या मुलांना जे पुस्तक हातात ठेवते त्याबद्दल इथे लिहिते आहे. आर. एल. स्टाईन यांचं ‘द घोस्ट नेक्स्ट डोअर’.

ऑगस्ट १९९३मध्ये अमेरिकेत स्कोलॅस्टिक या प्रकाशनसंस्थेने काढलेलं हे मालिकेतलं दहावं पुस्तक. मूळ मालिका १९९२ ते १९९७ या काळात ६२ पुस्तकांची झाली आणि जगभर तिच्या तीस कोटींहून जास्त प्रती खपल्या. स्टाईन आधी ‘जोव्हियल बॉब स्टाईन’ या नावाने मुलांसाठी विनोदी लिहीत आणि ‘बनानाज’ नावाचं विनोदी मासिक चालवत. भीतीकडे ते नंतर वळले. प्रसंग किती ताणायचा आणि नेमका कुठे सोडायचा, हे विनोद लिहिणाऱ्याला कळावंच लागतं. ते कौशल्य या पुस्तकात पानोपानी दिसतं.

गोष्ट अशी आहे. हॅना फेअरचाइल्ड बारा वर्षांची. ग्रीनवुड फॉल्स नावाचं लहानसं गाव, उन्हाळ्याची सुट्टी, आणि मैत्रिणी गावात नाहीत. घरात आई-बाबा आणि बिल व हर्ब हे धाकटे जुळे भाऊ. सुरुवातीलाच तिला स्वप्न पडतं की खोलीला आग लागली आहे. जाग येते तेव्हा सगळं जागच्या जागी असतं. दिवस उगवतो, पण करायला काही नसतं. शिबिराला गेलेल्या जेनीला ती पत्रं लिहिते. जेनीचं उत्तर येत नाही.

आपल्याकडच्या मुलांना हे वातावरण परकं वाटेल असं मला आधी वाटायचं. तसं होत नाही. मे महिन्यात अख्खी बिल्डिंग रिकामी होते, कुणी कोकणात, कुणी खानदेशात मामाकडे. ज्याचं आजोळ त्याच गावात आहे, तो एकटा पार्किंगमध्ये सायकलच्या चकरा मारत राहतो. त्या मुलाला हॅना पहिल्या दहा पानांत कळते. तिचं कंटाळणं स्टाईननी घाईने उरकलेलं नाही. थोडं रेंगाळून लिहिलं आहे, आणि ते आवश्यक आहे, कारण इतका एकटेपणा असल्याशिवाय शेजारी कोण आलंय याकडे कुणी इतकं टक लावून बघणार नाही.

आणि शेजारी कुणीतरी आलेलं असतं. बाजूचं रिकामं घर आता रिकामं नाही. तिथे डॅनी अँडरसन नावाचा तिच्याच वयाचा मुलगा राहतो. हॅनाला पहिला प्रश्न पडतो तो हा की हे लोक आले कधी? तिला काहीच कसं दिसलं नाही?

वर्गात मोठ्याने वाचताना इथे मी थांबते. मुलं लगेच बोलायला लागतात. आपल्याकडे नवा शेजारी येतो तेव्हा आधी टेम्पो येतो. लिफ्टला आतून पोती नाहीतर पुठ्ठे लावतात, वॉचमन वैतागतो, गॅलरीतून मुलं सामान मोजतात. किती सायकली, किती पलंग, फिशटँक आहे का. त्यावरून घरात आपल्या वयाचं कुणी आहे की नाही याचा अंदाज बांधला जातो. शेजाऱ्यांचा टेम्पो कुणीच पाहिला नाही, ही गोष्ट नाशिकच्या मुलांना सरळसरळ संशयास्पद वाटते. भीती सुरू व्हायला काळोख लागत नाही, वाडा लागत नाही, भर दुपारी न दिसलेला टेम्पो पुरतो.

पुढे संशय वाढत जातो. डॅनी म्हणतो की तो हॅनाच्याच शाळेत जातो, तिच्याच इयत्तेत आहे. मग तिने त्याला कधी पाहिलेलं कसं नाही? ती आपल्या मित्रमैत्रिणींची नावं सांगते, त्याला एकही माहीत नसतं. तो अ‍ॅलन आणि फ्रेड या आपल्या मित्रांची नावं सांगतो, ती तिला माहीत नसतात. तो आत्ता इथे असतो आणि पुढच्या क्षणी दिसेनासा होतो. एकदा ती त्याच्या घराशी जाते. आत स्वयंपाकघरात त्याची आई दिसते, पण ती हॅनाकडे वळूनही बघत नाही, जणू हाक ऐकूच आली नाही. आणि या सगळ्याच्या भोवती एक काळी सावली फिरते आहे. लाल डोळ्यांची, कुजबुजत बोलणारी, हॅनाला त्या मुलापासून दूर राहायला सांगणारी.

हॅनाचा निष्कर्ष ठरतो. शेजारचा मुलगा भूत आहे.

मी मुलांना इथे एक काम देते. वहीच्या मागच्या पानावर पुरावे लिहा. डॅनी भूत आहे असं तुम्हाला कशावरून वाटतं, प्रत्येक पुराव्यापुढे पानाचा नंबर. मुलं हे काम मन लावून करतात, एरवी पुस्तकाच्या वाटेला न जाणारीसुद्धा. ती वही जपून ठेवायला सांगते. तिचं पुढे काय करायचं ते या लेखात नंतर येईल.

आता मला या पुस्तकातली खरी आवडलेली गोष्ट सांगायची आहे. आपण लहानपणी ज्या भुताच्या गोष्टी ऐकल्या, दिवे गेल्यावर गच्चीवर किंवा लग्नघरी रात्री गाद्या घालून झाल्यावर, त्यांतल्या भुतांना आपापली जागा होती. मुंजा पिंपळावर. हडळ विहिरीपाशी नाहीतर गावाबाहेरच्या वाटेवर, आणि तिची पावलं उलटी. वेताळ स्मशानात. त्या गोष्टींत एक सोय होती. भूत कुठे असतं हे माहीत असायचं, म्हणून तिकडे न जाणं आपल्या हातात होतं. ओळखायची खूणही मिळायची. आजी सांगायची, पावलं बघ. स्टाईन यांचं भूत पलीकडच्या घरात राहतं, मित्रांबरोबर हुंदडतं, आणि दिसायला चांगलं आहे. पावलं सरळ आहेत. म्हणून हॅनाला खुणा स्वतः शोधाव्या लागतात आणि वाचणाऱ्यालाही. मुलं पुस्तकाला चिकटतात ती या शोधामुळे. भीती त्या शोधाच्या मागोमाग येते.

माझा भाचा पाचवीत असताना हे पुस्तक त्याने माझ्याकडे सुट्टीत वाचलं. तेव्हा समोरच्या फ्लॅटमध्ये नवीन कुटुंब आलं होतं आणि त्यांचा मुलगा फारसा बाहेर पडत नसे. भाचा दोन दिवस दाराच्या काचेतून बघत बसला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “मावशी, तो भूत नाहीये. त्याच्या आईने त्याला हाक मारली आणि तो ‘आलो’ म्हणाला.” मग त्याने जाऊन बेल वाजवली. त्या मुलाला नवीन शहरात कुणी ओळखीचं नव्हतं, इतकंच. दोघं पुढे रोज संध्याकाळी खाली खेळायचे.

पुस्तकाच्या भाषेबद्दल पालक विचारतात. वाक्यं लहान आहेत, शब्द सोपे, संवाद भरपूर. सहावीतलं सेमी-इंग्रजीचं मूल शब्दकोश न उघडता वाचू शकतं. अडतात त्या अमेरिकन गोष्टी. एका घराचं अंगण संपून दुसऱ्याचं सुरू होतं तिथे कंपाउंडची भिंत नसते हे आधी सांगावं लागतं, नाहीतर हॅना आणि डॅनी एकमेकांच्या आवारात इतक्या सहज कसे जातात हे मुलांना समजत नाही. रस्त्यालगत खांबावर असलेली टपालपेटी चित्र काढून दाखवावी लागते, कारण ती कथेत महत्त्वाची आहे. गावातले पोस्टमन मिस्टर चेस्नी मुलांवर खेकसणारे, आणि डॅनीचे मित्र त्यांच्या टपालपेटीची नासधूस करायला निघतात. आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर लाल रंगाची मोठी सरकारी पेटी येते आणि ती कुणी कशी उखडेल असा त्यांना प्रश्न पडतो.

प्रकरणं चार-पाच पानांची आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक प्रकरण धक्क्यावर संपतं. हे स्टाईन यांचं ठरलेलं तंत्र आहे. न वाचणाऱ्या मुलाला ते वाचायला लावतं, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण त्यातले काही धक्के खोटे आहेत आणि ते मला खटकतात. प्रकरण संपताना कुणीतरी मागून खांदा पकडतं, पान उलटल्यावर घरातलंच माणूस निघतं. एकदा चालतं. पुन्हा पुन्हा झालं की हुशार मूल शेवटच्या ओळीवर विश्वास ठेवणं सोडून देतं, आणि मग खरा धक्का येतो तेव्हा तो निम्मा वाया जातो. या पुस्तकात हे प्रमाण मालिकेतल्या इतर बऱ्याच पुस्तकांपेक्षा कमी आहे. आहे मात्र नक्की.

इथून पुढे मी कथेतलं रहस्य उघडणार आहे. ज्यांना आधी स्वतः वाचायचं आहे त्यांनी इथेच थांबावं. मुलांच्या हाती देण्यापूर्वी पालकांना आतलं काय ते कळायला हवं असं मला वाटतं, म्हणून लिहिते.

डॅनी भूत नाही. हॅना आहे. पाच वर्षांपूर्वी तिच्या घराला आग लागली आणि सगळं कुटुंब त्यात गेलं, हॅनासुद्धा. पहिल्या पानांतलं स्वप्न हे स्वप्न नव्हतं, आठवण होती. नवीन शेजारी आले हे खरं, पण त्यांच्या दृष्टीने बाजूचं घर पाच वर्षं मोकळं आहे.

आता मुलांच्या वहीतली मागची पानं काढायची. एकेक पुरावा पुन्हा वाचायचा, आणि डॅनीच्या नावाच्या जागी हॅनाचं नाव घालायचं. शाळेतल्या मुलांची नावं एकमेकांना माहीत नाहीत. कारण हॅनाच्या वर्गातली मुलं मोठी होऊन कधीच पुढे गेली. डॅनीच्या आईला हाक ऐकू आली नाही. कारण हाक मारणारी तिथे नव्हतीच. टेम्पो दिसला नाही, कारण हॅनाच्या दिवसांत सलगपणा नाही, मधले मोठाले तुकडे गळून पडलेत आणि तिला ते कळलेलं नाही. प्रत्येक पुरावा खरा ठरतो, फक्त बोट उलट्या दिशेला वळतं.

यालाच मी प्रामाणिक रहस्यकथा म्हणते. लेखकाने काहीही लपवलेलं नाही. शेवटी खिशातून नवीन माणूस काढलेला नाही, न सांगितलेली चावी काढलेली नाही. सगळं पहिल्यापासून समोर होतं, आणि आपण हॅनाच्या खांद्यावरून बघत होतो म्हणून चुकीचं वाचलं. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला हे पहिल्यांदाच समजतं की गोष्ट सांगणाऱ्याची जागा बदलली की गोष्ट बदलते. मराठीच्या किंवा इंग्रजीच्या पुस्तकात ‘निवेदक’ शिकवून हे कळत नाही. इथे कळतं, आणि वर्गात अक्षरशः “आई गं” असा आवाज निघतो.

जेनीच्या पत्रांचा धागा मला सगळ्यांत जास्त भिडतो. हॅना लिहिते, पाठवते, वाट बघते. मैत्रिणीवर रागावते, मग समजूत घालून घेते की ती शिबिरात रमली असेल. आजच्या मुलांना पत्राचा अनुभव नाही, त्यांना हे कसं पोचेल अशी मला शंका होती. सातवीतल्या एका मुलीने वाचून झाल्यावर सांगितलं, “मॅडम, म्हणजे तिला सारखी एकच टिक दिसत होती.” फोन बंद असलेल्या माणसाला पाठवलेला निरोप, एकच करडी टिक, दुसरी येतच नाही. १९९३ सालच्या गोष्टीतला सगळा एकटेपणा तिने तेवढ्यात धरला. मी ते वाक्य ग्रंथालयाच्या फलकावर लावलं.

एका मुलाने विचारलं होतं की डॅनीच्या आईला हॅना दिसत नाही, मग डॅनीला कशी दिसते? पुस्तक याचं उत्तर ठासून देत नाही. वर्गात बरीच चर्चा झाली. एकाचं म्हणणं होतं की डॅनीचं स्वतःचं मरण जवळ आलेलं असतं, म्हणून त्याला पलीकडचं दिसतं. कथेतल्या काळ्या सावलीशी हे जुळतं. कारण ती सावली म्हणजे डॅनीचंच होऊ घातलेलं भूत असतं. डॅनी मेला तरच तिला पूर्ण रूप मिळणार असतं, म्हणून ती हॅनाला त्याच्यापासून हाकलत असते.

या सावलीवर माझा आक्षेप आहे. कल्पना चांगली, पण ती फार उशिरा आणि फार भरभर सांगितली आहे. माणूस जिवंत असताना त्याचं भूत आधीच फिरत असतं, हा नियम हॅनाच्या बाबतीत का लागू होत नाही? अजून कुणाचं असं भूत का दिसत नाही? पुस्तकाचा उरलेला भाग इतका चोख बांधलेला असताना इथे टाके सैल पडलेत. मला वाटतं, मुलांच्या भीतीसाठी दिसण्याजोगं काहीतरी हवं, नुसता संशय पुरणार नाही, या हिशेबाने ती सावली आत आली असावी. माझ्या मते नुसता संशय पुरला असता. लाल डोळे नसते तरी गोष्ट तितकीच अंगावर आली असती.

मोठी माणसंही कच्ची आहेत. हॅनाचे आई-बाबा चार वाक्यांपलीकडे जात नाहीत. यातल्या काही फिकेपणाला रहस्य कळल्यावर अर्थ येतो. पण मिस्टर चेस्नी मात्र शेवटपर्यंत फक्त रागीट म्हातारे राहतात, त्यांना कुठेच माणूस म्हणून उभं केलेलं नाही. मुलांच्या गोष्टीत शेजारचा एकटा म्हातारा नेहमी खडूसच असावा, हे मला पटत नाही.

शेवट मात्र फार चांगला आहे. डॅनीचे मित्र त्याला चेस्नींच्या घरात घुसायला लावतात आणि तिथे आग लागते. डॅनी आत अडकतो. आणि जी मुलगी आगीत गेली, ती पुन्हा आगीत शिरते. आपण कोण आहोत हे तिला आता माहीत आहे, सावली अडवते आहे, तरी ती जाते आणि त्याला बाहेर काढते. डॅनी सगळ्यांना सांगतो की एका मुलीने मला वाचवलं. त्याच्या बोलण्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. हॅना तोवर निघालेली असते, तिच्या घरच्यांचे आवाज तिला ऐकू येत असतात.

स्टाईन यांच्या बऱ्याच पुस्तकांत शेवटच्या पानावर एक जादा धक्का असतो. सगळं आवरलं असं वाटतं आणि पुन्हा काहीतरी हलतं. या पुस्तकात तसं नाही. इथे त्यांनी हॅनाला शांतपणे जाऊ दिलं आहे. तंत्र हातात असून ते न वापरण्याचा हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

आता पालकांच्या मूळ काळजीकडे येते, ‘हे मुलांना झेपेल का.’

या मालिकेत भुतं, बाहुल्या, राक्षस पुष्कळ असतात, पण सहसा मुख्य पात्र मरत नाही. हे पुस्तक त्या वाटेने जात नाही. इथे बारा वर्षांची नायिका आणि तिचे दोन लहान भाऊ मेलेले आहेत, आणि ते कुठल्या शापाने नाही, तर घराला लागलेल्या आगीने. आग खऱ्या आयुष्यात लागते. म्हणून ज्या मुलाने आग जवळून पाहिली आहे, सिलिंडरचा स्फोट, शेजारच्या दुकानाची आग, भाजलेलं माणूस, त्याला मी हे देत नाही. घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर मी स्वतःहून सुचवत नाही. मुलाने मागितलंच तर आधी घरच्यांशी बोलते.

नाकारायचंच असं मात्र नाही. आजी गेल्यावर काही महिन्यांनी एका मुलीने हे पुस्तक घेतलं. तिची आई म्हणाली, घेऊ दे. परत करताना ती टेबलाशी उभी राहिली आणि तिने मला विचारलं, “ती एकटी गेली नाही ना?” मी सांगितलं, नाही, तिचे घरचे तिला बोलवत होते. ती म्हणाली, “हो, मी पण तसंच वाचलं.” आणि दुसरं पुस्तक शोधायला गेली. मुलांना मृत्यूबद्दल बोलायचं असतं. मोठी माणसं विषय बदलतात म्हणून ती बोलत नाहीत. अशा वेळी हॅनाबद्दल बोलता येतं, आणि त्यातून हवं तेवढंच बोलता येतं.

नऊ वर्षांच्या आतल्या मुलांना मी देत नाही. त्यांना रहस्याची गंमत कळत नाही, फक्त लाल डोळे लक्षात राहतात. दहा ते तेरा हे वय उत्तम. पहिल्यांदा वाचत असतील तर शक्यतो दिवसा आणि शक्यतो एका बैठकीत वाचू द्या. सव्वाशेच्या आसपास पानं आहेत, सुट्टीतली एक दुपार पुरते. अर्धवट ठेवून झोपलेलं मूल सावलीपाशी अडकलेलं असतं. शेवटपर्यंत गेलेलं मूल हॅनाबद्दल विचार करत झोपतं. रात्री घाबरल्याच्या तक्रारी माझ्याकडे ज्या येतात त्या बहुतेक अर्धवट वाचलेल्या पुस्तकांच्या असतात.

प्रतींबद्दल थोडं. नवीन आवृत्त्या मिळतात, पण मी जुन्याच घेते. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास आणि मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर ‘गूजबम्प्स’चे गठ्ठे असतात, आणि घासाघीस केली तर एका नव्या पुस्तकाच्या किमतीत दोन-तीन येतात. जुन्या आवृत्त्यांवर टिम जॅकोबस यांची मुखपृष्ठं असतात, ती झगझगीत रंगांची चित्रं मुलांना लांबूनही ओळखू येतात आणि कपाटातून तीच आधी जातात. घेताना मधली पानं सुटली नाहीत ना एवढं उलटून बघा. या पुस्तकाची शेवटची पाच पानं नसलेली प्रत मुलाच्या हातात पडणं हा अन्याय आहे. बांधणी साधी असते, ग्रंथालयात पाठीला कापडी पट्टी लावून घेतली की चांगली टिकते.

‘गूजबम्प्स’च्या टीव्ही मालिकेत १९९८ साली ही कथा दोन भागांत आली. मुलांनी आधी पुस्तक वाचावं असं मी आग्रहाने सांगते. पडद्यावर हॅना आपल्याला बाहेरून दिसते, तिच्या मनात बसून आपण बघत नाही, आणि या गोष्टीची सगळी ताकद तिच्या मनात बसून बघण्यात आहे.

हे वाचून झालं की मुलं लगेच “अजून असंच” मागतात. तेव्हा मी मालिकेचं पहिलं पुस्तक देते, १९९२ सालचं ‘वेलकम टू डेड हाउस’. ती याच गोष्टीची दुसरी बाजू आहे. तिथे अमांडा आणि जॉश ही भावंडं डार्क फॉल्स नावाच्या गावात राहायला जातात. म्हणजे इथे नवे शेजारी ही भावंडंच, आणि भोवतालचं गाव मेलेलं. दोन्ही लागोपाठ वाचली की मुलं स्वतःहून तुलना करू लागतात. पण क्रम हाच ठेवा, आधी हॅना, मग डार्क फॉल्स. पहिलं पुस्तक असूनही ते जास्त कठोर आहे, त्यात मायेचा ओलावा कमी आहे, आणि पीटी नावाच्या त्या भावंडांच्या कुत्र्याचं जे होतं ते काही मुलांना माणसांच्या मरणापेक्षाही जास्त लागतं. घरी कुत्रा असेल तर आधी आई-बाबांनी वाचावं, मग द्यावं.